तर्री

मी लोकांची दारू सोडवतो.
मानेवाड्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात, पहिल्या मजल्यावर,
पगारी, एकोणीस वर्षं.
माझ्याजवळ एक छापील कागद असतो, वीस प्रश्नांचा.
एकटे असताना घेता का?
लपवून घेता का?
किती घेतली ते सांगताना आकडा कमी करता का?
समोरचा माणूस खाली पाहत हो म्हणतो,
मी खूण करतो. निळ्या पेनानं.

शुक्रवारी प्रल्हाद हेडाऊ समोर होता.
हातमाग गेला तेव्हापासून पिणारा, अकरावा दिवस,
बोटं अजून धाग्यावर असल्यासारखी थरथरत.
पाचवा प्रश्न त्यानं ऐकलाच नाही.
माझ्या उजव्या बाहीकडे पाहत म्हणाला,
"सर, गोळीबार चौकातली हाय नं थे?"

बाहीवर डाग होता, रुपयाएवढा.
बेसिनवर दोनदा धुतला तरी
मधे लाल, काठाला पिवळा.

मी म्हणालो, "प्रश्न पाच."

तुम्हाला सांगतो, त्याला नाही सांगितलं.
बुधवारी केंद्रातून निघालो तेव्हा घरीच जायचं होतं. खरंच.
कुंदानं दुधीची भाजी केली होती, बिनतेलाची.
फ्रिजवर लॅबचा रिपोर्ट, चुंबकानं लावलेला,
ट्रायग्लिसराइड चारशे बारा, खाली तिची रेघ.
पण सक्करदऱ्याला सिग्नल लागला
आणि स्कूटर वळली.
मी वळवली असं मला आठवत नाही.
हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय.

खानावळीत आठ बाकडी. कोणी कोणाकडे पाहत नाही.
काय आणू, असं पार्वताबाई विचारत नाहीत.
वाटी येते. वर बोटभर तर्री,
लाल, स्थिर, तिच्यात ट्यूबलाइट दिसते.
खाली मटण असतं, ते निमित्त.
पहिला घास कानामागे लागतो,
दुसऱ्याला टाळूवर घाम,
तिसऱ्याला एकोणीस वर्षांत ऐकलेली रडगाणी
जरा लांब जाऊन बसतात.
चौथ्यापासून चव नसते.
चौथ्यापासून फक्त पुढचा असतो.

मसाल्यात काय काय, मी एकदा विचारलं होतं.
दगडफूल, म्हणाल्या, जवसाचं तेल,
बाकी तुमाले काय करा लागते.
आणि खसखस.
खसखस म्हणजे अफूचीच लेक,
पण सासरी जाऊन सुधारली म्हणतात.
तिच्यात नशा नसते, पुस्तकात तसं आहे.
पुस्तकात हेही आहे की चरबीला व्यसन म्हणावं की नाही
यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.
उंदरांचं एक असतं,
माणसाचं नक्की सांगता येत नाही.
मला ते वाक्य आवडतं. त्यात जागा आहे,
एक स्कूटर लावण्यापुरती.

फरक आहे, मी मानतो.
प्रल्हादनं बायकोच्या तोरड्या विकल्या,
मी फक्त बिल फाडलं.
तो नाल्यात पडला,
मी बडीशेप खाऊन घरी गेलो
आणि दुधीची भाजीही जेवलो, दोन पोळ्यांशी.
"आज बरं जेवलात बाप्पा," कुंदा म्हणाली,
आणि उरलेली भाजी माझ्या ताटात वाढली.
ती जी लागली
तशी तर्री कधी लागली नाही.

प्रल्हादचं नाक किंचित फुगलं होतं.
जवसाच्या तेलाचा वास कापड सोडत नाही,
विणणाऱ्याला तर नक्कीच कळतो.
"इथं खिचडी देतेत, सर," तो म्हणाला. "पान्यासारखी."
मग बराच वेळ पंखा ऐकत बसला.
मग,
"तुमी कवापासून?"

हा प्रश्न कागदावर अगदी वर असतो, नावाच्या खाली.
रोज चार वेळा विचारतो मी.
मला कोणी विचारला नव्हता.

"बुधवारपासून," मी म्हणालो.

प्रल्हाद हसला, अकरा दिवसांत पहिल्यांदा.
"प्रश्न तीन, सर," म्हणाला,
आणि खूण करायला
पेन मागितलं.